धुऱ्यातून खाडीपर्यंत

आईचं माहेर मौद्याकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. आखाड लागला की मामा धुऱ्यातल्या, म्हणजे शेताच्या बांधातल्या, बिळात हात घालून खेकडे काढायचा. त्यामुळे खेकडा म्हटलं की माझ्यासमोर धानाची बांधीच येते. समुद्राकडचा खेकडा कसा राहतो ते पाहायचं फार दिवस मनात होतं. जानेवारीत आईला घेऊन निघाले. नागपूरहून दुपारी मडगावची गाडी, दुसऱ्या दिवशी कुडाळ, तिथून वेंगुर्ला.

मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. ओहोटी लागली होती. पांढऱ्या चिप्पीची मुळं चिखलातून खुंट्यांसारखी वर आलेली. २०२० पासून हाच आपला राज्य कांदळवृक्ष. वल्हं मारणाऱ्या मावशींनी एक बीळ दाखवलं. तोंड आडवं, चपटं, कडेला ताज्या चिखलाचा ढिगारा. आत कुर्ली, खाडीतला मोठा खेकडा! बारकी पिल्लं मुळांच्या आडोशाला राहतात, मोठ्या कुर्ल्या खोल पाण्यात. भरती चढली की त्याही झाडांत चरायला शिरतात. पावसात खाडीचं पाणी गोडं झालं की मोठ्या कुर्ल्या खाडीच्या मुखाकडे सरकतात, असं मावशी सांगत होत्या. जाळ्यात तळहाताएवढीही नसलेली एक आली. "बारकी आसा, जाऊंदे," म्हणत त्यांनी ती पाण्यात सोडली.

अंड्यांसाठी मादी खाडी सोडून समुद्रात जाते. अंडी लाखांनी. त्यातून निघतात ते सुईच्या टोकाएवढे तरंगते जीव. खेकड्याचं रूपही नसतं त्यांना. काही आठवडे खाऱ्या पाण्यात काढून, कात टाकत टाकत, वाचतील तेवढे कांदळवनात परततात.

आई मध्येच म्हणाली, "अगं, आपल्याकडे तर पोटाखाली पिल्लंच असतात!"

बरोबर होतं तिचं. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची अंडी मोजकी, आणि त्यांतून थेट इवलेसे खेकडेच बाहेर पडतात. त्याला एक धुरा आयुष्यभर पुरतो. कुर्लीला मात्र चिखल हवा, खाडीचं मुख हवं, समुद्रही हवा. मधे कुठे भराव पडला तर खाली उरलेलं कांदळवन नुसतं हिरवं दिसेल, कुर्ल्यांविना. होडीत बसून हे कळलं आणि पोटात कालवलं.

गेल्या रविवारी मौद्याला गेलो. मामाने बिळातून एक खेकडी काढली. आईने ती उलटी केली, पोटावरची रुंद झाकणी हलकेच उचलली. आत तांदळाच्या कणीसारखी पिल्लं वळवळत होती.

"ठेव रे तिथंच," ती मामाला म्हणाली. मामाने धुऱ्याच्या पाण्याजवळ हात टेकवला, खेकडी तिरपी चालत बिळात गेली.