ऊस कुठाय?

थँक्सगिव्हिंग, गुरुवार रात्र

पाय अजून गार आहेत. आईला न्यूयॉर्कची मेसीजची परेड दाखवायचीच म्हणून पहाटे पाचला उठलो, थर्मासमध्ये चहा भरला आणि न्यू जर्सीतल्या आमच्या सिकॉकसहून बस धरली. सेंट्रल पार्क वेस्टला पोचेपर्यंत पुढच्या रांगा भरलेल्या. आईला एका कचराकुंडीशेजारी जरा फट मिळाली, तिथंच उभं केलं.

परेडमधले अवाढव्य फुगे तिला फारसे आवडले नाहीत. "वारा आला तर?" एवढंच. पण डोमिनो शुगर या साखर कंपनीचा रथ आला तशी ती सरसावली. वरून एक गायिका हात हलवत गेली, गाणं अर्थात आधी रेकॉर्ड केलेलं. रथ अगदी समोर आल्यावर आई म्हणाली, "साखरेचा रथ म्हणतीस, मग ह्यात ऊस कुठाय गं?"

आता काय सांगणार? कच्ची साखर जहाजातून हडसन नदीनं यॉन्कर्सच्या कारखान्यात येते, तिथं फक्त शुद्ध होते. ब्रुकलिनचा जुना कारखाना 2004 मध्येच बंद पडला. न्यूयॉर्कच्या माणसाला ऊस दिसतच नाही, तर रथावर कशाला दिसेल? सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे गाळप नाही, मळी नाही, नुसती साखरच." बाबांची अख्खी नोकरी साखर कारखान्यात गेली. मळीच्या वासाशिवाय साखर तिला पटतच नाही.

एरवी रथावर कंपनीचं नाव दिसलं की लोक नाकं मुरडतात. मला तसं काही वाटत नाही. 1924 पासून ही मिरवणूकच मुळी एका दुकानाची. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हे रथ तयार होतात आमच्या शेजारी, मुनाकीला. तिथून घडी घालून, साडेबारा फुटांच्या आत बसवून, रात्री नदीखालच्या लिंकन टनेलमधून पलीकडे न्यूयॉर्कला नेतात आणि रस्त्यावर पुन्हा उलगडतात. रोज सकाळी मी बसमध्ये पेंगत जाते तो हाच बोगदा. एवढा झगमगाट त्यातून दुमडून गेला असेल, हे डोळ्यांपुढे येईना.

येताना बसमध्ये आई गावाकडच्या उसाच्या शेवटच्या खेपेबद्दल बोलत होती. हंगाम संपताना ट्रॅक्टर-ट्रॉली सजवतात, गुलाल उधळतात, कर्णा लावून नाचत कारखान्यावर नेतात. "त्यात ऊस तरी असतोय."

रात्री नऊला तिनं शिरोळला काकांना फोन लावला. तिकडं शुक्रवारची सकाळ. मला वाटलं, आता परेडचं कौतुक सांगेल.

"भाऊजी, गव्हाणीत मोळी पडली का? आणि पहिली उचल किती म्हणतायत?"

मग वीस मिनिटं तेच, गाळप सुरू झालं का आणि उसाचा पहिला हप्ता किती. रथाचा विषय निघालाच नाही.