अनुबियासला नवं पान

आज फिशटँकचं पाणी बदलताना दिसलं, त्यातल्या अनुबियास नाना या पाणवनस्पतीला नवं पान फुटतंय. गुंडाळी अजून सुटलेली नाही, रंग पोपटी, आकार जेमतेम नखाएवढा. महिन्याकाठी एखाददुसरं पान देणारं झाड हे, त्यामुळे कौतुक फार वाटलं.

मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. तिथे ते ओढ्यातल्या खडकांना, ओंडक्यांना धरून वाढतं. म्हणून वाळूत पुरायचं नाही. त्याचं आडवं खोड गाडलं गेलं की कुजतं. मी काळ्या दोऱ्यानं दगडाला बांधलं होतं, आता मुळांनीच दगड घट्ट धरलाय.

पटापट वाढावं म्हणून बरेच जण वर झगझगीत लाइट लावतात. तिथेच घोळ होतो. एकेक पान कितीतरी महिने टिकतं आणि जास्त उजेडात त्यावर शेवाळ चढतं. काळं, केसाळ शेवाळ तर एकदा बसलं की निघता निघत नाही. दिवसाला ६ ते ८ तास मंद उजेड पुरे. झाडांच्या वाढीसाठी टँकला जोडतात त्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचीही गरज नाही.

शेजारी आता क्रिप्टोकोरिन हे दुसरं पाण्यातलं झाड लावायचंय. त्यातली स्पायरॅलिस ही जात तर आपल्या पश्चिम घाटातलीही आहे! पण घेईन ती नर्सरीत वाढवलेलीच, ओढ्यातून उपटलेली नको.