दगड होता तसा ठेव

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला आणि मला शाळेतलं सगळ्यात आधी काय आठवलं तर विज्ञानाच्या बाईंची हाक, "ए, दगड होता तसा ठेव!" सातवीत बाई आम्हाला वर्गाबाहेर न्यायच्या, ओल्या दगडाखाली गांडूळ, गोम, वाणी असं काय काय निघायचं, आम्ही आरडाओरडा करायचो आणि दगड तिथेच उलटा टाकून पुढच्या दगडाकडे पळायचो, की मागून बाई, "अरे खाली कुणीतरी राहतंय." बास एवढंच, लेक्चर नाही काही.

आता मी नोकरीमुळे अमेरिकेत पूर्वेकडच्या भागात असतो आणि सुट्टी मिळाली की जंगलात सॅलमँडर शोधायला जातो. इथे सगळ्यात जास्त सापडतो तो पाठीवर लाल पट्टा असलेला, बोटाएवढा. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी "पाल!" म्हणून ओरडलोच, पण पालीशी याचं काही नातं नाही, हा बेडकाच्या गोतातला, अंगावर खवले नाहीत, बोटांना नखं नाहीत, आणि या लाल पट्टेवाल्याला तर फुप्फुसंच नाहीत! श्वास सगळा ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. कातडी सुकली की संपलं, म्हणून दिवसा तो ओंडक्याखाली नाहीतर पाचोळ्यात असतो आणि रात्री पाऊस पडला की बाहेर येतो.

शोधायची पण एक पद्धत आहे. ओंडका आपल्याकडे ओढून उचलायचा, म्हणजे पलीकडे साप असेल तर त्याला पळायला वाट राहते आणि ओंडका मधे असतो. हाताला क्रीम, मच्छर पळवायचं औषध असलं काही नको, हात लावायचाच असेल तर ओला करून, आणि शेपटी तर अजिबात धरायची नाही, तुटते. ठेवताना आधी ओंडका जागेवर, मग सॅलमँडरला त्याच्या कडेला सोडायचं, तो आपला आपण आत शिरतो, नाहीतर चिरडला जातो ना. आणि बूट धुवूनच जायचं. 2013 मध्ये एक नवी बुरशी ओळखली गेली, तिने नेदरलँड्समधले फायर सॅलमँडर जवळपास संपवलेत, ती चिखलातून इकडेतिकडे जाऊ शकते, मला याची खरंच भीती वाटते.

एकदा उन्हाळ्यात एक कुजका ओंडका जरासा उचलला तर आतल्या पोकळीत द्राक्षाच्या घोसासारखी लटकलेली अंडी, आणि त्यांना वेटोळं घालून बसलेली आई. ही आई पिल्लं बाहेर येईपर्यंत कित्येक आठवडे तिथेच असते, फारसं खात पण नाही. मी एक फोटो काढला आणि ओंडका हळूच खाली ठेवला, खाच जुळली की नाही ते दोनदा बघितलं.

एवढे बारके जीव म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. पण न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रुक जंगलात मोजणी झाली होती, 1975 साली छापून आली, तिथल्या सगळ्या सॅलमँडरांचं मिळून वजन हे ऐन विणीच्या हंगामातल्या सगळ्या पक्ष्यांच्या वजनाच्या साधारण दुप्पट भरलं! त्यातले बहुतेक हेच लाल पट्टेवाले. आपण वर पक्षी बघत चालतो आणि पायाखाली हे.

तो अंड्यांचा फोटो मी बाईंना पाठवला. दुसऱ्या दिवशी रिप्लाय आला, "फार सुंदर. ओंडका?"

ठेवला बाई, होता तसा.