बटण लावतो, असं आईनं लिहिलं होतं

न्यू जर्सीत बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांच्या डे प्रोग्रॅममध्ये मी बिलिंग बघते. आमचा हिशोब पंधरा मिनिटांच्या युनिटचा. दहाला आला, दोनला गेला की १६ युनिट. पूर्वी राज्य संस्थांना करारानं वर्षाची रक्कम द्यायचं. गेल्या दशकात ते जाऊन मेडिकेडला, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याला, सेवेगणिक बिल लावायची पद्धत आली. मुलगा तापानं घरी राहिला की त्या दिवसाचं बिल नाही. त्याच्यासाठी आलेल्या बाईंचा पगार मात्र द्यावाच लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

युनिटचा दरही माणसागणिक वेगळा. एनजेकॅट नावाची प्रश्नावली असते: स्वतःची कामं, वागणूक, आजारपण. उत्तरांवरून टियर, म्हणजे गरजेची पातळी, ठरते, ए ते एफ. जितकी मदत जास्त लागते तितका टियर वरचा. बजेट आणि आमचा दर त्यावरच.

मार्चमध्ये २७ वर्षांचा एक मराठी मुलगा आमच्याकडे आला. टियर बी. त्या दरात एका कर्मचाऱ्याकडे बरेच जण सोपवावे लागतात. याला जेवताना शेजारी एक माणूस लागायचाच. घास न चावता गिळतो. पोळीचे नखाएवढे तुकडे करून एकेक हातात द्यायचा, गिळला याची खात्री करायची, मग पुढचा. दार उघडं दिसलं की थेट रस्त्यावर. दोन महिने आम्ही पदरमोड केली.

त्याच्या सेवांची आखणी बघणाऱ्या सपोर्ट कोऑर्डिनेटरनं टियरची फेरतपासणी मागायची ठरवली. आईला मराठीत बोलणं सोपं जाईल म्हणून मला बसवलं. प्रश्नावलीत आईनं लिहिलेली जुनी उत्तरं उघडली. जेवण: स्वतः. कपडे: स्वतः.

"काकू, बटणं तो लावतो?"

"लावतो की. वरची मी लावते, खालचं तो."

"रोज?"

"रोज नाही गं. पण लावतो."

ते एक बटण शिकवायला त्यांना तीन वर्षं लागली होती.

मी म्हणाले, "काकू, चांगला दिवस नको. वाईटातला वाईट दिवस सांगा."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो त्यांच्या पर्सची चेन उघडझाप करत शेजारीच बसला होता. त्याला मराठी समजतं. काकू खालच्या आवाजात सांगू लागल्या. दाराला आतून कुलूप, किल्ली उशाखाली. बटाट्याची फोड घशात अडकून तो निळा पडला होता ती संध्याकाळ. मी भाषांतर करत गेले, कोऑर्डिनेटर लिहीत गेली. मध्येच चेनचा आवाज थांबला.

परक्यापुढे लेकराचं उणं काढायचं नाही, हे ज्यांच्या अंगात मुरलंय त्या आयांची मुलं खालच्या टियरला जातात. हे मी तिसऱ्यांदा पाहिलं. फॉर्म भरून घेण्याआधी कुणीतरी घरी जाऊन त्याचं जेवण बघायला हवं. अर्धा तास पुरेल.

टियर डी मिळाला. आता जेवताना त्याच्या शेजारी माणूस असतो. पण त्याला बाहेर बसवायचं मला त्या दिवशी सुचलं नाही, ते अजून जात नाही मनातून.

निघताना गाडीपाशी काकूंनी विचारलं, "आता त्याला दुसरं बटण शिकवतेय. ते आलं तर कळवायचं का?"

"शिकवा," एवढंच मी म्हणाले.