अर्थिंग नसेल तर काम घेत नाही : आमची वाटचाल

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, गिरडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. बाबांनी ते सुरू केलं तेव्हा वीज मंडळाची होती. महावितरण २००५ साली झालं, त्याच्या बरीच आधीची ही गोष्ट. काम एकच, जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग. विहिरीवरची पाच एचपीची मोटर बैलगाडीत घालून यायची. बाबा जुनी वायंडिंग, म्हणजे मोटरीतल्या तारेची गुंडाळी, छिन्नीने कापायचे, नवी भरायचे आणि वॉर्निश मारून उन्हात ठेवायचे. पैसे कापूस विकल्यावर. कधी त्याच्याही पुढच्या कापसावर.

मी आयटीआयला वायरमन ट्रेड केला, परमिट काढलं आणि दुकानात बसलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तीच मोटर, तोच शेतकरी, वर्षातून दोनदा. वायंडिंगमध्ये खोट नव्हती. करंट आणणाऱ्या तीन तारांपैकी, म्हणजे फेजपैकी, एक गेला की मोटर हुंहुं करत तापते आणि बघताबघता जळते. म्हणून मोटर देताना सोबत प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, बसवून द्यायला वावरात जाऊ लागलो. आमचा धंदा बदलला तो तिथे, बांधावर.

काय काय पाहिलं! बाभळीच्या खुंटाला टांगलेला लोखंडी स्टार्टर, आत पालीचं घरटं. किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूजतारेऐवजी केबलचे चार-पाच पीळ. ओल्या धोतराने रात्री दोन वाजता बटण दाबणारा म्हातारा, कारण शेतीची लाइन त्या आठवड्यात रात्रपाळीची. काही ठिकाणी एक फेज आणि जमिनीत ठोकलेली सळई, एवढ्यावर झोपडीतला बल्ब चालू. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, नाही म्हणून जमिनीलाच न्यूट्रल केलेलं. पाऊस पडला की त्या सळईभोवतीच्या चिखलातही करंट उतरतो, आणि बैलाच्या चार पायांत अंतर जास्त म्हणून आधी बैल जातो.

मग आम्ही ठरवलं, अर्थिंग, म्हणजे बिघाडाचा करंट जमिनीत उतरवणारी तार आणि पाइप, नसेल तर नवीन जोडणीचं काम घ्यायचं नाही. बोलायला सोपं होतं. "भाऊ, तीस वर्सं झाले, कोणाले काई झालं नाई. कायले अंगणात खड्डा खोदता?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने "तीस" म्हणताच पुढचं मी म्हणतो. टाइल्सला पैसे असतात, पीओपीला असतात. जमिनीत गाडायच्या पाइपाला नसतात, कारण तो पाहुण्यांना दाखवता येत नाही. पहिली काही वर्षं गिऱ्हाईक सरळ उठून दुसऱ्याकडे जायचं. बाबा चिडायचे, पण नियम मोडा असं कधी म्हणाले नाहीत.

आपल्या काळ्या मातीत अर्थिंगचं वेगळंच दुखणं आहे. पावसाळ्यात ही माती झकास. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती पाइपापासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणजे कूलर चालतो त्याच महिन्यांत अर्थिंग सगळ्यात कमजोर. त्यामुळे आम्ही अडीच-तीन मीटरचा जीआय पाइप कोळसा-मिठाच्या थरात उभा पुरतो, वर पाणी घालायची नरसाळी ठेवतो आणि जमेल तिथे तो मोरीच्या सांडपाण्याजवळ घेतो. चैत्रापासून त्यात बादलीभर पाणी ओतायचं, हे घरातल्या बाईलाच सांगतो. पुरुषमाणसाला सांगितलं तर तो मान हलवतो आणि विसरतो.

कूलरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ४५-४६ डिग्रीच्या उन्हाळ्यात आमच्याकडे विजेने जीव जातात त्यात हा मोठा गुन्हेगार. पत्र्याची बॉडी, खाली पाणी, बाजूला ओल्या ताट्या, आणि पाण्यात बुडालेला छोटा पंप. पंपाची वायंडिंग उघडी पडली किंवा टेपचा जोड भिजला की अख्खी बॉडी जिवंत होते, पण कूलर मस्त हवा देत राहतो. लोक दुकानात येऊन सांगतात, "थोडासा करंट मारते जी." पायात चप्पल आहे म्हणून थोडासा. फरशी ओली, पाय अनवाणी आणि हातात पाण्याची बादली असली की थोडासा राहत नाही. असं कोणी म्हणालं की मी आधी त्याला फोन लावायला लावतो, घरी सांगा, कूलर बंद करा आणि पिन काढा. नुसतं बटण नाही, पिनच. बऱ्याच जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर असतं. ते बंद केलं तरी फेज कूलरपर्यंत पोचलेलाच असतो.

शिवाय टू-पिन. थ्री-पिनची जाडी, लांब पिन अर्थिंगची. बोर्डाच्या भोकात बसत नाही म्हणून ती कापून टाकणारे महाभाग आहेत. काही कारागीर अर्थिंगच्या जागी न्यूट्रलच बॉडीला जोडून देतात, "काम झालं" म्हणतात. खांबावर न्यूट्रल तुटला की त्याच तारेने बॉडीवर २३० व्होल्ट येतो.

एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे ना, मग काय भीती, असंही लोक विचारतात. मी पाटीवर गणित करून दाखवतो. अर्थिंगचा रोध २० ओहम धरा, उन्हाळ्यात सहज असतो. २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. तुमचा एमसीबी १६ अँपिअरचा, त्याहून कमी करंटला तो पडत नाही. तो जागचा हलणार नाही आणि बॉडी जिवंतच राहील. एमसीबी तार जळू नये म्हणून असतो. माणसासाठी आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की लगेच तोडतो. त्यावर एक टेस्ट बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. पण आरसीसीबी बसवून अर्थिंगला सुट्टी, असं नाही. अर्थिंग असेल तर बिघाड होताच तो पडतो, नसेल तर कोणीतरी हात लावेपर्यंत वाट पाहतो.

हरभरा घाट्यावर आला की वेगळं गिऱ्हाईक येतं. बाइंडिंग तार आणि इन्सुलेटर पाहिजेत, कशासाठी ते सांगत नाहीत. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) रात्रीतून वावर साफ करतात, त्यांचा राग मला कळतो. आमचीही शेती आहे. तरी लाइनवरून थेट कुंपणात करंट सोडायला आम्ही सामान देत नाही. त्यात डुकराआधी पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी सापडतो. जनावर मेलं तर १९७२ चा वन्यजीव कायदा, माणूस मेला तर सदोष मनुष्यवध. झटका मशीन घ्या म्हणतो. ते बॅटरीवर चालतं, सेकंदाला एखादा क्षणभराचा झटका देतं, जनावर पळतं, मरत नाही. यात आमचं गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच.

दुकानातल्या पोरांसाठी एक शिस्त आहे. जिनिंगमध्ये किंवा दालमिलवर काम करताना मेन बंद करायचा, किटकॅट उपसायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. बाजूला ठेवलेला किटकॅट "लाइन गेली वाटते" म्हणत कोणीही परत लावतो. त्यानंतरही टेस्टरने तिन्ही फेज पाहायचे, आणि तो टेस्टर आधी चालू लाइनवर तपासलेला असला पाहिजे. एका मिलच्या मालकाने यासाठी उशीर होतो म्हणून आमचं वार्षिक काम काढून घेतलं. पुढे पॅनेलवर साचलेल्या रुईला ठिणगी लागली तेव्हा परत बोलावलं. गेलो, दर मात्र जुना लावला नाही.

करंट लागलेल्या माणसाला मातीत नाहीतर शेणात पुरून ठेवायची चाल आमच्याकडे अजून आहे. त्याने काही होत नाही, वेळ जातो. आधी मेन बंद, नाही जमलं तर कोरड्या लाकडाने तार दूर, मग १०८ ला फोन. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब, दोनेक इंच खोल, मिनिटाला १०० ते १२०, गाडी येईपर्यंत. पोरांना दिवाळीनंतर धान्याच्या पोत्यावर सराव करायला लावतो.

आता सौर पंप आले, रिवाइंडिंग कमी झालं. त्यात नवा धडा असा की मेन बंद केला तरी पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतची तार ऊन असेपर्यंत जिवंतच असते. आणि पॅनेलच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची ठिणगी एकदा धरली की सहज सुटत नाही. पॅनेल पुसायला लोक भरदुपारी ओला फडका घेऊन चढतात. आम्ही सांगतो, सूर्य उगवायच्या आत धुवा, काचही तडकत नाही.

या उन्हाळ्यापासून कूलर सर्व्हिसिंगच्या दरातच घराच्या अर्थिंगची तपासणी धरली आहे. वेगळी लावली की लोक नको म्हणतात.