दोन एअर रायफली, तीच दहा रीडिंगं

क्रोनोग्राफवरच्या (पेलेटचा, म्हणजे शिशाच्या छर्‍याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरच्या) या दोन रांगा बघा. वेग मीटर प्रतिसेकंदात आहे आणि आकडे मुद्दा कळावा म्हणून मांडलेत.

स्प्रिंगची रायफल: 171, 169, 173, 170, 172, 169, 171, 173, 170, 172
पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल): 173, 173, 172, 172, 171, 171, 170, 170, 169, 169

दोन्हींची सरासरी 171, कमाल-किमान फरक 4, प्रमाण विचलन (एसडी) सुमारे 1.5. क्रोनोग्राफचं ॲप दोघींना एकाच पारड्यात टाकेल. दुखणं मात्र वेगवेगळं आहे, कारण पहिलीचा वेग वरखाली उड्या मारतो आणि दुसरीचा उतरतच जातो: पहिलीत पेलेट आणि सील तपासायचं, दुसरीत हवेचा दाब. क्रम वहीत न उतरवता नुसता एसडी बघणारा माणूस महागडे पेलेट मागवत बसतो.

(काडतुसं घरी भरणं आपल्याकडे परवान्याच्या कचाट्यातलं काम आणि शिकारीला 1972 चा वन्यजीव कायदा आडवा येतो. म्हणून इथे विषय फक्त 10 मीटर रेंजच्या .177 (4.5 मिमी) रायफलींचा.)

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? 170 च्या आसपास वेग असेल तर पेलेटला 10 मीटर जायला साधारण 0.06 सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे 18 मिमी खाली येतो. वेग 1 टक्क्याने कमी झाला की ही घसरण 2 टक्क्यांनी, म्हणजे जवळपास 0.36 मिमीने वाढते. टार्गेटवर एक गुण म्हणजे 2.5 मिमी, दशांश गुण 0.25 मिमी. क्लबच्या सरावात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण फायनलला 0.1 वर नेमबाज बाहेर पडतो.

मोजताना पहिला घोळ उजेडाचा. ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते आणि ऑप्टिकल क्रोनोग्राफ फसतो, मधूनच एखादं अशक्य रीडिंग येतं. पिवळा बल्ब किंवा बॅटरीवरचा एलईडी लावा. स्प्रिंगच्या रायफलीसमोर यंत्र नळीपासून मीटरभर लांब ठेवा, नाहीतर हवेचा झोत सेन्सरला चकवतो. दुसरं म्हणजे 5 फैरींच्या फरकाची तुलना 10 फैरींच्या फरकाशी करू नका. फैरी वाढल्या की फरक आपोआप वाढतो: 5 फैरींत तो एसडीच्या साधारण 2.3 पट असतो, 10 फैरींत 3 पट.

स्प्रिंगच्या रायफलीत आकडे वरखाली उड्या मारत असतील तर आधी ब्रीच सील (नळीच्या मागच्या सांध्यातली हवा अडवणारी रिंग) बघा. सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी धरून फैर झाडा; पट्टी हलली तर हवा तिथून निसटतेय. मग पेलेट बसवण्याची पद्धत. एक अंगठ्याने अर्धवट आणि दुसरा खोल ढकलला तर पिस्टनसमोरचा दाब दर वेळी वेगळा होतो. स्कर्ट (मागची पातळ कड) वाकलेले पेलेट बाजूला काढा. आणि कम्प्रेशन चेंबरमध्ये (पिस्टन हवा दाबतो त्या जागेत) तेल सोडण्याची खोड सोडा. तेल दाबाने पेटतं, धूर येतो, वेग उसळतो आणि तेल जळून संपेपर्यंतची रीडिंगं कचऱ्यात जातात.

पीसीपीमध्ये वेग पायरीपायरीने उतरत असेल तर सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या (दर फैरीला सारखाच दाब देणाऱ्या भागाच्या) सेटिंगखाली गेलाय. 200 बारपर्यंत भरून तीच चाचणी पुन्हा घ्या. उतार गेला तर रायफल ठणठणीत आहे. याउलट दहा मिनिटं रायफल पडून राहिल्यावरची पहिली फैर वेगळी, बहुधा जास्त वेगाची, आणि पुढच्या सगळ्या नीट असतील, तर रेग्युलेटरची सीट (आतली झडप टेकते ती जागा) गळतेय आणि दाब हळूहळू वर चढतोय. सीट आणि ओ-रिंग जाणकाराकडूनच बदलून घ्यावी. भरलेल्या सिलिंडरशी घरी खटपट नको.

पावसाळ्यात सातारा-सांगलीची हवा ओलीचिंब असते. कॉम्प्रेसरचं पाणी वेळेवर काढलं नाही आणि फिल्टर जुनाच ठेवला तर ओल सिलिंडरमध्ये जाते, गंज धरतो आणि त्याचे कण रेग्युलेटरच्या सीटवर बसतात. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या तक्रारींचं मूळ कित्येकदा जुलैत भरलेल्या हवेत असतं. सिलिंडरवरची तारीखही बघा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाने मुदत जास्तीत जास्त 10 वर्षं.

हे सगळं निस्तरल्यावरच पेलेट तोलायला बसा. मिलीग्रॅमचा काटा लागतो. विटा-खानापूरकडच्या गलाईवाल्यांच्या (सोनं-चांदी गाळणाऱ्यांच्या) घरी तो हमखास सापडेल. 0.53 ग्रॅमच्या पेलेटमध्ये 5 मिलीग्रॅमचा फरक म्हणजे जवळपास 1 टक्का, आणि तेवढ्याने वेग साधारण अर्धा टक्का हलतो. चांगल्या डब्यात एवढा फरक क्वचितच निघतो, त्यामुळे अख्खा डबा तोलण्यापेक्षा 4.49, 4.50 आणि 4.51 मिमी डोक्याचे पेलेट थोडे थोडे घेऊन प्रत्येकाच्या 10 फैरी, शक्य असेल तर रायफल क्लॅम्पमध्ये धरून, झाडाव्या. दोन रायफलींना एकच माप मानवेल असं धरून चालू नका. शिशाला हात लागलेला असतो, चहाआधी साबणाने धुवा.