मॉलमध्ये बसायचे कुठे?

लोक न्याहाळण्याची आवड असलेल्या माणसाला रविवारच्या संध्याकाळी मॉलइतकी सोयीची जागा नाही, असे माझे मत आहे. खरेदी घरातली मंडळी करतात, माझ्याकडे पिशव्या सांभाळण्याचे काम येते आणि ते काम बसूनच नीट होते. अडचण एवढीच की आमच्या ठाण्यातल्या मॉलमध्ये फुकट बसायची जागा शोधावी लागते. हिंडणारा माणूस काही ना काही घेतो, बसलेला घेत नाही, हे दुकानदारीचे साधे गणित आहे. त्यामुळेच कोण कुठे बसतो, कोण खांबाला टेकून उभा राहतो आणि कोणाला बसताच येत नाही, हे पाहण्यात माझी संध्याकाळ छान जाते.

पूर्णपणे बंदिस्त आणि वातानुकूलित मॉल ज्याने आकाराला आणला, त्या व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नात जन्मलेल्या वास्तुरचनाकाराच्या मनात मात्र नेमके उलटे होते. १९५६ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसजवळच्या एडायना येथे त्याचे साउथडेल सेंटर सुरू झाले, तेव्हा त्याच्या मधोमध झाडे, पक्ष्यांचा पिंजरा आणि कॅफे असलेला प्रशस्त चौक होता. आपल्या जुन्या शहरात लोक जसे चौकात रेंगाळत, तसे त्यांनी येथेही रेंगाळावे, ही त्याची इच्छा होती. पुढे मॉलचे जे झाले ते पाहून त्याने या अपत्याशी असलेले नातेच जाहीरपणे नाकारले. आमच्याकडच्या मॉलमध्येही मधला चौक असतो, परंतु तेथे बहुधा एखादी नवी मोटार दोरी बांधून उभी केलेली असते आणि तिच्या भोवती सोडतीची कुपने भरून घेणारी मुले फिरत असतात. त्या मोटारीच्या चौथऱ्याच्या कडेवर लोक टेकतात, सुरक्षारक्षक येऊन त्यांना उठवतो, आणि तो वळला की दुसरे कुटुंब तेथेच टेकते. या खेळात दोन्ही बाजूंना राग आलेला मी कधी पाहिला नाही.

हक्काने बसता येते ते फूड कोर्टमध्ये. पदार्थ घेण्याआधी टेबल धरायचे असते आणि त्यासाठी आपल्या लोकांनी एसटीतली जुनी विद्या येथेही आणली आहे. खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा तसा टेबलावर रुमाल पडतो, रुमाल नसेल तर आजोबांना बसवले जाते. आजोबा चार खुर्च्यांवर हात पसरून, येणाऱ्या प्रत्येकाला ‘माणसं येतायत, माणसं येतायत’ असे सांगत राहतात. कोपऱ्यातल्या महाविद्यालयीन जोडप्याचे तंत्र अधिक नाजूक असते. एका कोल्ड कॉफीत दोन नळ्या, आणि ग्लासाच्या तळाशी दोन घोट कायम शिल्लक. टेबले पुसणारा मुलगा ग्लासाकडे पाहतो, आत काही आहे असे दिसताच पुढे जातो. तासभर त्या दोन घोटांना कोणी हात लावत नाही.

कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूमबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, ते सगळीकडे सारखेच असतात आणि सगळ्या रंगांना ‘चांगला आहे’ असेच म्हणतात.

सरकत्या जिन्याजवळचा खांब ही मला सर्वांत आवडणारी जागा. मागे एकदा तेथे नऊवारीतल्या एक आजी जिन्याच्या तोंडाशी थबकल्या होत्या. पाय उचलायच्या, पायरी निसटली की मागे घ्यायच्या, आणि मागे रांग वाढत होती. ‘आई, तुम्ही पिवळ्या रेघेवर पाय नका ठेवू, मधोमध ठेवा,’ असे सूनबाई सांगत होत्या. शेवटी आजींनी नातवाचे मनगट घट्ट धरले, दुसऱ्या हाताने निऱ्या उचलल्या आणि डोळे मिटून पाय टाकला. वर पोहोचल्यावर त्यांनी गरज नसताना छोटीशी उडी मारली आणि लगेच, खाली जायला पण असाच आहे ना, अशी चौकशी केली. रांगेतले कोणीही कुरकुरले नाही, याची मी मुद्दाम नोंद घेतली.

हे दृश्य सुरुवातीच्या काळात दिसले नसते. १९९९ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स सुरू झाला तेव्हा गर्दी आवरण्यासाठी, मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा, असा नियम काही काळ होता. म्हणजे नुसते पाहायला येणाऱ्यांची धास्ती तेव्हापासूनची आहे. आज त्याच लोकांनी मॉल भरलेले असतात आणि शनिवार-रविवारची वर्दळ म्हणून जी मिरवली जाते, तिच्यातला मोठा भाग त्यांचाच असतो.

या सगळ्यात ज्यांना बसायचीच सोय नसते ते म्हणजे काउंटरमागचे विक्रेते. गिऱ्हाईक नसतानाही ते उभेच असतात. संध्याकाळी सातच्या सुमारास नीट पाहिले तर एक पाय चपलेतून अर्धवट काढून दुसऱ्यावर भार देणाऱ्या मुली दिसतात, पर्यवेक्षक वळला की पाय पुन्हा चपलेत जातो. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. केरळमध्ये त्यासाठी दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी अनेक वर्षे लढा दिला होता. उंच स्टुलावर बसलेली मुलगी मला साडी कमी चांगली दाखवील, असे मला तरी वाटत नाही.